गॅस डिटेक्टर नुसता गळ्यात अडकवू नका : बंप टेस्ट, कॅलिब्रेशन आणि देखभाल, नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून जळगाव, धुळे, नरडाण्याच्या एमआयडीसीत, एखाद्या साखर कारखान्यात, डिस्टिलरीत किंवा रावेर-सावद्याकडच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. पहिल्या आठवड्यात साहेब हातात मुठीत मावेल एवढं एक मशीन देतात, म्हणतात हे आजपासून तू सांभाळायचं. मॅन्युअल इंग्रजीत असतं, आधीचा माणूस नोकरी सोडून सुरतला गेलेला असतो आणि विचारायचं कोणाला तेच कळत नाही. मी पण असाच तुकड्या-तुकड्यांनी शिकलो, कोणी सर्व्हिस इंजिनिअर आला की त्याच्या मागे मागे फिरून, म्हणून जे कळलं ते एका जागी लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधी पक्की करा. स्क्रीनवर शून्य दिसतं तेव्हा दोन शक्यता असतात, एकतर गॅस नाही नाहीतर सेन्सर मेलाय, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. मशीन चालू केल्यावर जी सेल्फ टेस्ट होते ती बॅटरी, डिस्प्ले, वायरिंग बघते, गॅस सेन्सरच्या आत पोचतो की नाही हे तिला समजत नाही. जिनिंगवर कापूस घेऊन गेलेला शेतकरी काट्यावर शंका आली की म्हणतो ना, आधी पन्नास किलोचं वजन ठेवून दाखव, तसंच इथे माहीत असलेला गॅस देऊन बघायचा. दुसरा कुठलाच मार्ग नाही. पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

१. आधी आपल्या साइटवर कोणते गॅस आहेत ते कागदावर लिहा

हे लोक करतच नाहीत आणि डायरेक्ट मशीन घेऊन फिरतात. नेहमी मिळतो तो चार गॅसचा डिटेक्टर असतो: ज्वलनशील गॅस (त्याचं रीडिंग एलईएलच्या, म्हणजे पेट घ्यायच्या खालच्या टप्प्याच्या टक्क्यांत येतं), ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. बस. बाकी काही त्याला दिसत नाही.

ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, गटार, सांडपाण्याचा हौद, मळीची टाकी असेल तर हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन धरा. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून कळेलच असं समजू नका, साधारण १०० पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि वास बंद झाला म्हणजे गॅस गेला असं वाटतं, खरं तर तेव्हाच तो जीव घेण्याच्या पातळीला आलेला असतो. बॉयलर, बगॅसचा म्हणजे उसाच्या चोथ्याचा ढीग धुमसतोय, डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर बंद खोलीत चाललाय, तिथे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासच नाही.

आता आपल्याकडचं खास. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये इथिलीन सोडतात, एफएसएसएआयने १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिलेली आहे. इथिलीनचा पेट घ्यायचा खालचा टप्पा २.७ टक्के, म्हणजे २७,००० पीपीएम, त्यामुळे १०० पीपीएमला एलईएलच्या काट्यावर काहीच दिसणार नाही आणि ते बरोबरच आहे. खरा धोका तिथे कार्बन डायऑक्साइडचा असतो, कारण केळी पिकताना तो सोडत राहते आणि चेंबर बंद असतं. आणि चार गॅसच्या डिटेक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतो! लोक म्हणतात ऑक्सिजन कमी होईल ना, तेव्हा कळेल. हिशोब करून बघा. हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून साधारण १९.९ होतो, आणि ऑक्सिजनचा अलार्म बहुतेक ठिकाणी १९.५ ला लावलेला असतो. म्हणजे अलार्म गप्प, आणि कार्बन डायऑक्साइडची जीवाला तातडीचा धोका मानली जाणारी पातळी आहे ४ टक्के. डिस्टिलरीच्या फर्मेंटरमध्ये पण अगदी हेच. म्हणून या दोन ठिकाणी काम असेल तर कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर असलेलं मशीन मागा, साहेब नाही म्हणाले तर हा हिशोबच त्यांच्यासमोर ठेवा.

अमोनियावर चालणारं कोल्ड स्टोरेज किंवा दूध डेअरी असेल तर अमोनियाचाही वेगळा सेन्सर लागतो. तेल गिरणीत सॉल्व्हंट प्लांट असेल तर हेक्झेन, त्याच्याबद्दल पाचव्या मुद्द्यात.

२. काय काय जमवायचं

वस्तू:
- कॅलिब्रेशन गॅसचा सिलिंडर, आपल्या मशीनमधल्या सेन्सरना जुळणारा. चार गॅसच्या मशीनला बहुतेक वेळा एकाच सिलिंडरमध्ये मिक्स येतं, उदाहरणार्थ हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम, मिथेन २.५ टक्के, ऑक्सिजन १८ टक्के, बाकी नायट्रोजन
- रेग्युलेटर. पंप नसलेल्या मशीनला ठरलेल्या फ्लोचा, बहुतेक ०.५ लिटर प्रति मिनिट. पंपवाल्याला डिमांड फ्लोचा, म्हणजे पंप ओढेल तेवढाच गॅस देणारा
- मशीनच्या कंपनीची कॅलिब्रेशन कॅप
- नळी, शक्यतो पुरवठादाराने दिलेलीच आणि आखूड
- सुटे फिल्टर, कोरडं सुती कापड, मऊ ब्रश

कागद:
- मॅन्युअल, मोबाइलमध्ये पीडीएफ तरी ठेवाच
- सिलिंडरसोबत आलेलं गॅसचं सर्टिफिकेट, लॉट नंबरसकट
- मशीनचं शेवटचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं असेल तर उत्तम
- स्फोटक वातावरणात वापरायचं असेल तर पेसोची (स्फोटक-पेट्रोलियम सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता
- रजिस्टर

रेग्युलेटरवर दोन शब्द, कारण इथे पैसे वाचवायला जातात आणि सगळं बिघडतं. पंपवाल्या मशीनला साधा ठरलेल्या फ्लोचा रेग्युलेटर लावला तर पंपाची ओढ जास्त पडते, मग तो कडेकडेने बाहेरची हवा खेचतो, गॅस पातळ होतो, रीडिंग कमी येतं, आणि आपण सेन्सर खराब म्हणून नवीन मागवतो. सेन्सर बिचारा चांगलाच असतो.

नळीचं पण तसंच. हायड्रोजन सल्फाइड चिकटणारा गॅस आहे, साध्या रबराच्या लांब नळीत तो शोषला जातो. दुकानातून कुठलीही नळी कापून आणू नका.

आणि सिलिंडरवरची एक्स्पायरी. या मिक्समधला हायड्रोजन सल्फाइड काळानुसार कमी होत जातो, तारीख उलटलेल्या सिलिंडरवर २५ छापलेलं असतं पण आत २५ आहे याची खात्री उरत नाही. अशा गॅसवर स्पॅन केला, म्हणजे रीडिंग सिलिंडरवरच्या आकड्यावर आणून बसवलं, तर मशीन कमी गॅसलाच २५ म्हणायला शिकतं. शिल्लक आहे म्हणून वापरू नका, कितीही वाईट वाटलं तरी.

३. रोजची बंप टेस्ट

बंप टेस्ट म्हणजे थोडा वेळ गॅस देऊन सेन्सर जागे आहेत का आणि अलार्म वाजतो का हे बघणं. कॅलिब्रेशन म्हणजे रीडिंग दुरुस्त करणं. दोन्ही वेगळं आहे. बंप रोज, ज्या दिवशी मशीन वापरणार त्या दिवशी, वापरायच्या आधी. मशीन खाली पडलं, पाण्यात गेलं, कुठे खूप जास्त गॅस लागला, तर त्याच दिवशी परत.

करायचं असं. मोकळ्या हवेत या, गेटजवळ ट्रक धूर सोडत उभे असतात तिथे नाही. मशीन चालू करा, पूर्ण सेट होऊ द्या, ऑक्सिजन २०.९ आणि बाकी शून्य आहे बघा. फिल्टरवर धूळ, भुसा, तेल नाही ना बघा. मग कॅप लावा, बाणाची दिशा असेल तर ती बघून, नळी जोडा आणि रेग्युलेटर उघडा. साधारण अर्ध्या मिनिटात रीडिंग चढायला पाहिजे आणि आवाज, लाल दिवे, थरथर तिन्ही झालं पाहिजे. तिन्ही! बॉयलर हाऊसच्या आवाजात नुसता बझर कोणाला ऐकू येतो, तिथे थरथरच कामाची.

अलार्म वाजला म्हणून लगेच बंद करू नका, रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबा आणि सिलिंडरवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये आहे, बऱ्याच ठिकाणी १० टक्के धरतात, म्हणजे २५ पीपीएमला २२.५ ते २७.५. त्याच्या बाहेर असेल तर ते मशीन त्या दिवशी कोणाच्या गळ्यात जाणार नाही, आधी पूर्ण कॅलिब्रेशन. गॅस बंद केल्यावर रीडिंग परत शून्यावर येतं का तेही बघा, उतरायला फार वेळ लागत असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा सेन्सर म्हातारा झालाय.

एक गोंधळ इथे हमखास होतो. सिलिंडरवर मिथेन २.५ टक्के लिहिलंय, मशीनवर किती एलईएल दिसायला पाहिजे? काही मशीनमध्ये मिथेनचा १०० टक्के एलईएल म्हणजे ५ टक्के मिथेन धरतात, त्या हिशोबाने ५० दिसेल. पण आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात हा आकडा ४.४ टक्के आहे, त्या हिशोबाने तोच गॅस ५७ च्या आसपास दिसतो. मशीनची सेटिंग कोणती आहे ते बघितल्याशिवाय ५० दिसलं नाही म्हणून ओरडू नका, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जबरदस्तीने ५० वर आणू पण नका.

खर्चाचं रडगाणं येईलच. ५८ लिटरच्या सिलिंडरमधून अर्ध्या लिटर प्रति मिनिटाने मिनिटभराच्या शंभराहून जास्त बंप होतात. तुमच्याकडे सिलिंडर कितीला पडतो ते त्याने भागा आणि एका बंपचा खर्च काढून पर्चेसवाल्यांना दाखवा. ठेकेदार म्हणतो, "भो, रोज काय चेक करायचं त्याला, परवा तं पुण्याहून सर्टिफिकेट आलं." त्याला शांतपणे सांगा की सर्टिफिकेट हे ज्या दिवशी टेस्ट झाली त्या दिवसाचं असतं. नंतर कुरियरच्या गाडीत ते किती आदळलं, भरउन्हात कुठे पडून राहिलं, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

४. पूर्ण कॅलिब्रेशन : आधी झिरो, मग स्पॅन

कधी करायचं? कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बऱ्याच मशीनमध्ये सहा महिन्यांची आठवण टाकलेली असते. शिवाय बंप फेल झाल्यावर, सेन्सर बदलल्यावर, मशीन आपटल्यावर. आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हात मी तरी मुदतीची वाट बघत नाही, आधीच करतो.

झिरो म्हणजे मशीनला सांगणं की ही हवा स्वच्छ आहे, इथून मोजायला सुरुवात कर. त्यामुळे ती हवा खरोखर स्वच्छ पाहिजे. ईटीपीच्या शेजारच्या केबिनमध्ये बसून झिरो केला आणि तिथे ५ पीपीएम गॅस होता तर मशीन त्या ५ लाच शून्य समजेल आणि पुढे दर वेळी ५ कमी दाखवेल. हा ट्रॅप फार वाईट, कारण दिसत नाही. खूण एकच, असं मशीन नंतर चांगल्या हवेत नेलं की रीडिंग शून्याच्या खाली जायला बघतं, काही मशीन उणे आकडा दाखवतात, काही एरर देतात. हवेची खात्री नसेल तर झिरो एअरचा सिलिंडर मिळतो, तो वापरा. चालू करताना आपोआप झिरो होणारी सेटिंग असेल तर हे अजूनच सांभाळा, टाकीच्या तोंडाशी उभं राहून मशीन कधीच चालू करू नका.

झिरो झाल्यावर स्पॅन. मेनूमध्ये जा, सिलिंडरवरचे आकडे आणि मशीनमध्ये भरलेले आकडे तेच आहेत ना हे एकेक करून बघा. नवीन लॉटमध्ये कार्बन मोनॉक्साइड १०० च्या जागी ६० आलेलं असू शकतं, मशीनला ते आपोआप कळत नाही. मग गॅस द्या, स्थिर होऊ द्या, मशीन पास म्हणेल.

स्पॅन करायच्या आधी जे रीडिंग होतं ते लिहून ठेवा. हा आकडा कोणी लिहीत नाही आणि कामाचा तोच असतो. समजा २५ पीपीएम दिलं आणि मशीन १४ दाखवत होतं, आपण स्पॅन केला, २५ झालं, छान. पण गेले कित्येक दिवस त्या मशीनवर भरवसा ठेवून जे लोक आत उतरले त्यांचं काय? तो आकडा सेफ्टी ऑफिसरला सांगायचा असतो, आणि त्या सेन्सरवर पुढे जास्त लक्ष ठेवायचं असतं.

फेल आलं तर लगेच परत परत स्पॅन मारून पास करून घेऊ नका. क्रमाने बघा: सिलिंडरची तारीख, सिलिंडरमध्ये प्रेशर आहे का, कॅप नीट बसलीय का, नळी कुठे दुमडलीय का, फिल्टर. हे सगळं ठीक असूनही फेल म्हणजे सेन्सर बदला.

हे सगळं वारा नसलेल्या पण हवेशीर जागी करायचं. कॅप थोडी ढिली असली तरी वाऱ्याने रीडिंग हलतं, आणि बंद खोलीत केलं तर टेस्टचाच गॅस खोलीत साचतो.

५. मिथेनवर सेट केलेलं मशीन हेक्झेनला काय दाखवतं

कमी दाखवतं, एवढं तरी लक्षात ठेवा. एलईएलचा साधा सेन्सर म्हणजे तापलेला एक छोटा मणी, त्यावर गॅस जळतो आणि उष्णतेवरून रीडिंग येतं. जड रेणूंचे गॅस तिथपर्यंत हळू पोचतात. मिथेनवर कॅलिब्रेट केलेलं मशीन हेक्झेनच्या वाफेत उभं केलं तर खरा आकडा दिसतो त्याच्या साधारण दुप्पट-अडीचपट असू शकतो. मॅन्युअलमध्ये करेक्शन फॅक्टरचं टेबल असतं, आपल्या सॉल्व्हंटचा फॅक्टर शोधून मोठ्या अक्षरात मशीनच्या खोक्यावर चिकटवा, नाहीतर पुरवठादाराला विचारून पेंटेनसारख्या गॅसवर सेट करून घ्या.

दुसरं, हा मणी जाळायला ऑक्सिजन मागतो. नायट्रोजन मारलेल्या टाकीत गॅस खच्चून भरलेला असला तरी एलईएल शून्य दाखवू शकतो. म्हणून आधी ऑक्सिजन वाचायचा, मगच एलईएलवर विश्वास ठेवायचा. आणि रीडिंग एकदम झपकन वर जाऊन खाली आलं तर तो चांगला संकेत समजू नका, गॅस इतका झालाय की जळायला हवाच उरली नाही. बाहेर या.

६. ऊन, धूळ आणि सिलिकॉन

भुसावळ-जळगावचा मे महिना कोणाला सांगायला नको, ४५ च्या पुढे पारा. बहुतेक मशीनची मर्यादा ५० अंशांच्या आसपास असते आणि काच बंद करून उन्हात उभी केलेली जीप ती सहज ओलांडते. डॅशबोर्डवर मशीन ठेवून जेवायला जाऊ नका. विषारी गॅसच्या आणि ऑक्सिजनच्या सेन्सरमध्ये आत द्रव असतो, तो कोरड्या गरम हवेत सुकत जातो आणि सेन्सर मुदतीआधी जातो. सिलिंडर पण सावलीतच. एसी ऑफिसमधून थेट उन्हात आणलं तर दहा-पंधरा मिनिटं त्याला सेट होऊ द्या, मगच झिरो, मगच बंप.

धूळ प्रत्येक ठिकाणची वेगळी. जिनिंगला रुईचे तंतू, साखर कारखान्याला बगॅस, डाळ मिलला भुकटी, दीपनगरच्या वीज केंद्राच्या बाजूला राख. सगळी शेवटी फिल्टरवर बसते. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकर मारायची सवय असते ना आपल्याला, ती इथे बंद. प्रेशरने सेन्सरची पातळ जाळी फाटते आणि त्या हवेत तेल असतं. मऊ ब्रश, पाण्याने थोडंसं ओलं केलेलं कापड, एवढंच, आणि फिल्टर खराब झाला तर बदलायचा, तो स्वस्त असतो.

सिलिकॉन हा एलईएल सेन्सरचा शत्रू. सिलिकॉनचा स्प्रे, पॉलिश, काही ग्रीस, सीलंट, अगदी काही हाताच्या क्रीममध्ये पण तो असतो, मण्यावर त्याचा थर बसला की सेन्सर कायमचा आंधळा होतो आणि स्क्रीनवर शांतपणे शून्य दिसत राहतं. मशीन चकचकीत दिसावं म्हणून ऑडिटच्या आदल्या दिवशी स्प्रे मारून पुसणारे लोक आहेत, त्यांना थांबवा. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने पण मशीन हाताळू नका, अल्कोहोलच्या वाफेने एलईएल आणि कार्बन मोनॉक्साइडचं रीडिंग चढतं आणि मग उगाच धावपळ. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनला पण दाद देतो, म्हणून बॅटरी चार्जिंग रूममध्ये हे रीडिंग दिसलं तर चार्जरकडे बघा.

७. सेन्सर बदलणं

सेन्सरचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षं. ऑक्सिजनचा जुन्या पद्धतीचा शिशाचा सेन्सर तर हवेत असेपर्यंत खर्चच होत असतो, मशीन वापरा अथवा कपाटात ठेवा. म्हणून मार्चमध्ये बजेट उरलं म्हणून डझनभर सेन्सर घेऊन स्टोअरमध्ये भरून ठेवू नका, पाकिटावरच्या तारखेप्रमाणे पाहिजे तेवढेच घ्या. नवीन बसवला की मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ स्थिर होऊ द्या, मग झिरो, स्पॅन, बंप. सेन्सर बसवला आणि तसाच शिफ्टला दिला असं होता कामा नये. आणि मशीन उघडणं, चार्ज करणं हे सगळं धोक्याच्या जागेच्या बाहेर.

८. टाकीत किंवा हौदात माणूस उतरण्याआधी

इथे घाई करणारा कोणीही असो, मालक असो नाहीतर मुकादम, ऐकायचं नाही. कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ३६ (नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) असं सांगत होतं: सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या तपासणीवर आधारित लेखी सर्टिफिकेट, नाहीतर आत जाणाऱ्याला श्वसनाचं उपकरण आणि पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात. स्वतः केलेली तपासणी असे शब्द त्यात होते, कालच्या परमिटची झेरॉक्स नाही.

मशीन पंपवालं घ्या, नाहीतर वेगळा पंप आणि नळी. आधी नळीच्या तोंडावर बोट ठेवा, पंपाचा ब्लॉक अलार्म आला पाहिजे, नाही आला तर कुठेतरी गळतंय आणि तुम्ही टाकीची नाही, बाहेरची हवा मोजताय. बंप पण नळीसकट करा. मग मॅनहोल उघडायच्या आधी फटीतून, नंतर वर, मध्ये, खाली अशा तिन्ही पातळ्यांवर. मिथेन आणि अमोनिया हलके, वर जातात. हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड, सॉल्व्हंटच्या वाफा जड, तळाला बसतात. प्रत्येक पातळीवर थांबायचं, नळीतून हवा यायला वेळ लागतो, मीटरमागे किती सेकंद ते मॅन्युअलमध्ये असतं, त्यावर आणखी दोन मिनिटं द्या. नळी पाण्यात बुडवू नका, पाणी खेचलं की पंप गेला.

वाचायचा क्रम ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ च्या मध्ये पाहिजे. २०.९ च्या जागी २०.४ दिसलं तरी विचारा का, अर्धा टक्का ऑक्सिजन गेला म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास दुसरं काहीतरी आत शिरलंय, म्हणजे २५,००० पीपीएम. ते काय आहे हे कळल्याशिवाय उतरायचं नाही.

गाळ हलवला की आत कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो, म्हणून उतरायच्या आधीचं रीडिंग पुरत नाही, आतल्या माणसाच्या छातीपाशी मशीन चालू पाहिजे आणि ब्लोअर पण. अलार्म झाला की हातातलं काम टाकून वर. आणि आत कोणी पडला तर दुसऱ्याने तसंच मागे उडी मारायची नाही. ईटीपीच्या हौदात एकामागे एक माणसं जातात ती याच्यामुळेच, सख्खा भाऊ असला तरी दोराने ओढायचं, श्वसन उपकरणवाला येईपर्यंत थांबायचं, १०१ आणि १०८ ला फोन. हे काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना बसवून सांगा, त्या क्षणी कोणी ऐकत नाही.

९. भिंतीवरचे फिक्स डिटेक्टर

कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचे डिटेक्टर छताजवळ, कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्हच्या आसपास असतात, उंचावर असल्याने वर्षानुवर्षं कोणी चढत नाही. अमोनियाचा सेन्सर थोडी थोडी गळती सतत लागत राहिली तरी खर्च होतो, म्हणजे जिथे जास्त गरज तिथेच आधी मरतो. कॅलिब्रेशनआधी पॅनेलवर त्या चॅनेलला बायपास करा, नाहीतर सायरन, एक्झॉस्ट सगळं चालू होऊन प्लांट थांबेल. गॅस द्या, वरचं रीडिंग आणि पॅनेलवरचं रीडिंग एकच आहे बघा, डिटेक्टरकडून पॅनेलकडे जाणारा ४ ते २० मिलिअँपचा सिग्नल मध्येच कुठे चुकतो ते असंच सापडतं. अलार्म २५ पीपीएमच्या हिशोबाने लावलाय की कोणी कटकट नको म्हणून वर नेऊन ठेवलाय तेही बघा, अमोनियात ३०० पीपीएम ही जीवाला तातडीच्या धोक्याची पातळी आहे.

झाल्यावर बायपास काढा. काम आटोपून शिडी उचलून लोक निघून जातात आणि चॅनेल तसंच बायपासमध्ये राहतं, मग गळती झाली तरी पॅनेल गप्प. बायपास लावणारा आणि काढला हे तपासणारा अशा दोघांच्या सह्या घ्या.

१०. रजिस्टर आणि सिलिंडर

रजिस्टरमध्ये तारीख, मशीनचा सिरीयल नंबर, सिलिंडरचा लॉट आणि एक्स्पायरी, आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग, पास-फेल, सही. महिन्याच्या शेवटी एका पेनने तीस ओळी भरलेलं रजिस्टर इन्स्पेक्टरला लांबूनच कळतं, आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या ओळींवर विश्वास ठेवून कोणीतरी आत जातो. मशीनमध्ये डेटा लॉग असेल तर त्याची तारीख-वेळ बरोबर करून ठेवा.

सिलिंडर नेहमी दोन ठेवा, एक चालू आणि एक बंद, कारण मिक्स गॅस मागवल्यावर यायला वेळ लागतो आणि तेवढे दिवस बंपशिवाय काम चालवायची वेळ येऊ नये. चालू सिलिंडर काम झालं की रेग्युलेटर काढून ठेवा, लावलेला राहिला तर हळूहळू गळून रिकामा होतो. एकदाच वापरायचा सिलिंडर पूर्ण रिकामा झाल्याशिवाय भंगारात देऊ नका, आणि त्याच्यात परत काही भरू नका, कोणी मागितला तरी.